जामीन कोणाच्या मुलाला?



१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात एका धनाढ्य बांधकाम व्यावसायिकाचा १७ वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला. ३०० शब्दांचा निबंध लिहिणे ही त्यातील एक अट. देशभर संताप उसळला, आणि तो रास्तच होता. परंतु त्या संतापाने मागितले काय? मुलाला प्रौढ समजून खटला चालवा! येथे थांबून विचार केला पाहिजे.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याचे १२ वे कलम म्हणते की, जामीनदार असो वा नसो, बालकास जामीन मिळावा. सुटकेमुळे ते गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याच्या जीवाला वा मनाला धोका पोहोचेल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, एवढेच अपवाद. म्हणजे जामीन ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. मोबाईल चोरल्याच्या आरोपावरून पकडलेल्या झोपडपट्टीतील मुलाला हा हक्क किती तासांत मिळतो? बाप मजूर नाक्यावर उभा. रोजी बुडवून तो मंडळापुढे येणार कसा? आणि आलाच, तर तेच कलम उलटे वाचले जाते. वस्ती वाईट, म्हणून संगत वाईट, म्हणून निरीक्षण गृह! परप्रांतातून आलेल्या मजुराच्या मुलाकडे तर शाळेचा वा जन्माचा दाखलाही नसतो. मग त्याचे वय हाडांच्या तपासणीवर ठरते.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर न्या. वर्मा समितीने १८ वर्षांची मर्यादा खाली आणण्यास नकार दिला होता. तरीही २०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलांना अतिगंभीर गुन्ह्यांत प्रौढांप्रमाणे खटल्यास पात्र ठरविण्याची वाट उघडली. हे दार श्रीमंताच्या मुलासाठी उघडले गेले, अशा भ्रमात कोणी राहू नये. पुण्याच्या प्रकरणातही पोलिसांचा तसा अर्ज मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळलाच.

कायद्यानुसार पकडलेल्या मुलाला २४ तासांच्या आत मंडळापुढे आणावे लागते आणि मोफत वकील मिळवून देणे हे मंडळाचे कर्तव्य आहे. वस्तीतील मूल उचलले गेल्याचे कळताच शाखेच्या कार्यकर्त्याने दाखला शोधावा, आईबापांना सोबत घ्यावे आणि त्या २४ तासांत तेथे पोहोचावे.