आईची मूठ किती ग्रॅमची?

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



'रोजचा स्वयंपाक' या विषयावर बोला, असा समितीचा निरोप आला तेव्हा आम्हांला वाटले, फोन चुकून लागला. या व्यासपीठावर नाट्यसंगीतावर बोलणारे येतात, संतवाङ्मयावर बोलणारे येतात. आमच्याकडे सरकारी नोकरी आणि स्थापत्याचा डिप्लोमा, एवढेच भांडवल. पण विषय आमच्या घरात दोन वर्षे शिजतो आहे, म्हणून हो म्हटले. 'आम्ही' म्हणजे उभयता. एक मांद्र्याचा, दुसरी कराडची. बोलणारे तोंड एकच असले तरी पहिल्या रांगेतून खुणा करून दुरुस्त्या सुचवणे चालू आहे, ते तुम्हांला दिसतेच आहे.

आणखी एक खुलासा. पुढे बांगड्याचा विषय निघेल. उत्सवाच्या तोंडावर मासळी कशाला, असे कोणाच्या मनात आले तर त्यांनी माफ करावे. चवथीला आमच्याकडेही खतखते, अळू, नेवऱ्या आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या असतात. पण त्यांची काळजी वाटत नाही. त्या दिवसांत सगळी भावकी जमते, चुलीपाशी दहा हात असतात, एक जण विसरला तर दुसरा आठवण करून देतो. काळजी उरलेल्या अकरा महिन्यांच्या जेवणाची आहे. सकाळची पेज, दुपारचे हुमण, पावसातली किसमूर. हे कोणी मुद्दाम शिकवत नाही आणि कोणी मुद्दाम विचारतही नाही. आम्हीही विचारले नव्हते.

लग्न होऊन कराडकरीण मांद्र्यात आली तेव्हा स्वयंपाकघराची आपोआप वाटणी झाली. नारळाचा प्रांत आईचा, शेंगदाण्याचा प्रांत सुनेचा. आईने दाण्याचे कूट पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते डब्यातून बोटाने उचलून वास घेतला आणि काही न बोलता झाकण लावले. पुढे तीनचार वर्षांनी पडवळाच्या भाजीत तिने ते गुपचूप घातलेले आम्ही पकडले. सुनेबरोबर माहेरहून कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली होती. १९७० साली निघालेल्या या पुस्तकाने वाटी-चमच्याची मापे देऊन किती नवख्या मुलींचे संसार सावरले असतील, ते इथे बसलेल्या आज्यांना विचारा. आमच्या आईला वाटी लागत नसे, चमचाही लागत नसे. किती खोबरे घेतलेस, असे विचारले की म्हणे, "हाताक कळता."

दोन वर्षांपूर्वी चवथ होऊन पंधरा दिवस झाले होते. आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिला आवडते म्हणून आम्ही बांगड्याचे हुमण केले. अर्धा नारळ, लाल मिरच्या, धणे, हळद, चिंच, सगळे बरोबर घेतले. तिरफळेही घेतली, पण ती मसाल्याबरोबर बियांसकट मिक्सरमध्ये वाटली. ज्यांना ठाऊक आहे ते हसत आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, हुमण कडूजहर झाले, शिवाय दाताखाली वाळू. आईने एक घास घेतला, आमच्याकडे पाहिले आणि डाव्या हाताने ताट सरकवले. तिला चूक काय ते कळले होते. सांगता येत नव्हते.

त्या रात्री आम्हांला पहिल्यांदा हिशेब लागला की घरातली चाळीस-पन्नास पदार्थांची विद्या एका माणसाच्या हातात होती, आणि तो हात उचलत नव्हता.

तीन-चार महिन्यांनी वाचा थोडी थोडी परत आली. एकेक शब्द, मध्ये लांब थांबा. मग आम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून वजनकाटा आणला. आमच्यातल्या डिप्लोमावाल्याचा विचार सरळ होता. काँक्रीट एकास दोनास चार असे घालता येते, मग हुमण का नाही? आईला खुर्चीवर बसवायचे, खोवलेले खोबरे पुढे ठेवायचे, तिने मूठ भरायची आणि आम्ही ती तोलायची. पहिल्या दिवशी मूठ बत्तीस ग्रॅम भरली. दुसऱ्या वेळी एकेचाळीस. तिसऱ्या वेळी अठ्ठावीस. डिप्लोमावाला म्हणाला, डावा हात आहे, अजून बसलेला नाही. आईने मान हलवली. खोबऱ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "नाल्ल... जून." पहिला नारळ मध्यम होता, दुसरा कोवळा, तिसरा जून. जून नारळाचा रस दाट निघतो, म्हणून तिने हात आखडता घेतला होता. काटा खोबरे तोलत होता, आई त्यातला रस तोलत होती.

काटा आम्ही टाकून दिलेला नाही. पण वहीत नुसते ग्रॅम लिहिणे सोडले आणि आई काय बघते, काय चाचपते, कुठे थांबते, ते लिहू लागलो. त्या वहीतले थोडे आज सांगतो.

तिरफळे आधी कोमट पाण्यात भिजवावीत, फोडून काळ्या बिया काढून टाकाव्यात, वरची टरफले जराशी ठेचावीत आणि रस्सा उकळू लागला की घालावीत. वाटू नयेत. चारपाच बांगड्यांना आठदहा तिरफळे पुरतात. वाटण दोन बोटांत चोळून पाहावे, कण लागला तर परत पाट्यावर, म्हणजे आता मिक्सरमध्ये. रश्शाला उकळी आल्याशिवाय मासळी सोडू नये, आणि सोडल्यावर डाव घालू नये. भांडे दोन्ही हातांनी धरून हलवावे, नाहीतर बांगड्याचा भुगा होतो. शेवटी कच्चे खोबरेल चमचाभर. मिरची कोणती, यावर आमच्याकडे वाद नाही. रंगाला बेडगी, तिखटाला शेजारच्या हरमलची. २०२१ साली हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आईने विचारले होते, "म्हणजे आता महाग जातली?"

पेजेचे तर लिहिण्यासारखे काही नाही, असे आम्हांला वाटत होते. उकडे तांदूळ आणि पाणी. पण कुकरमध्ये केलेल्या पेजेला आई 'पातळ भात' म्हणते. तांदूळ तासभर भिजवून, भरपूर पाण्यात, उघड्या भांड्यात, मंद आचेवर. शीत बोटाने दाबले की मऊ झाले पाहिजे पण फुटून विरघळता कामा नये. मीठ शेवटी.

किसमूर ही जून-जुलैची. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, तेव्हा उन्हाळ्यात भरून ठेवलेली सुकी सुंगटे कामी येतात. ती मंद भाजावीत, कुरकुरीत झाली की चुरावीत. कांदा, खोबरे, मिरची, कोकम वेगळे कालवून ठेवावे आणि ताट वाढल्यावरच दोन्ही एकत्र करावे. पाच मिनिटे आधी केली की लोळागोळा. आमच्या हापिसात आम्ही हे दोन वेगळ्या डब्यांतून नेतो. तिथल्या डब्याच्या मंडळींनी या वहीत पुष्कळ भर घातली आहे. डिचोलीच्या एका सहकाऱ्याने अळूची खाज घालवायला चिंचेपेक्षा आंबाडे बरे, असे सांगितले, आणि ते खरे निघाले.

आता देवाणघेवाणीचे. तुमच्यापैकी कितीतरी घरांतले आजोबा १९६१ नंतर नोकरीनिमित्त सातारा, सांगली, सोलापूरकडून गोव्यात आले. त्या घरांत ज्वारीची भाकरी अजून होते का, हे आम्ही मुद्दाम विचारत असतो. बरेच जण सांगतात, इथे पीठ जुने मिळते, भाकरी तुटते, म्हणून सोडली. कराडकरणीचा उपाय असा : पाणी उकळून त्यात पिठाचा थोडा भाग आधी भिजवावा, मग उरलेले पीठ घालून तळहाताने रगडून मळावे. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्याने आणि रगडण्याने आणावा लागतो. एकावेळी एकाच भाकरीपुरते पीठ मळावे. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा आणि पाणी सुकण्याआधी उलटावी.

गेल्या मे महिन्यात आईने आपणहून भाकरी मागितली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, एका हाताने मोडायला पोळीपेक्षा बरी. त्यावर वाढले होते हुमण, तिरफळांचे, सुनेने केलेले. आईने सगळे खाल्ले, बोट चाटले आणि म्हणाली, "मीठ इल्ले कमी." इतकी चांगली बातमी आमच्या घरी बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

बोलणे लांबले, खुणा वाढल्या आहेत. बाहेर टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. मोदक, पुरणपोळी कृपा करून लिहू नका, ते सर्वांना येतात. मंगळवारी दुपारी तुमच्याकडे जे होते ते लिहा, आणि ते झाले हे तुमच्या घरात कशावरून ओळखतात, तेही लिहा. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहून घेऊ. वहीशेजारी तिरफळांच्या पुड्या आहेत, घरटी एक घ्यावी. बिया काढलेल्या आहेत.