फळीवरचा गणपती आणि भुतांची मैत्री



गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना' असा एक शब्द आहे. इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तो लहानपणी 'फळीवर वंदना' असा म्हटलेला असणार. एकमेकांना कधी न भेटलेल्या, वेगवेगळ्या गावांत वाढलेल्या मुलांनी ही चूक आपापली, स्वतंत्रपणे केलेली आहे. आपण ती सांगतो, हसतो आणि सोडून देतो. पण एकच चूक पिढ्यान् पिढ्या इतक्या मुलांकडून होत असेल, तर तिच्यामागे काहीतरी कारण असलं पाहिजे. ते कारण शोधायला लागलं की मुलांच्या ऐकण्याबद्दलचा आदर वाढतच जातो, असा माझा अनुभव आहे.

फणिवर म्हणजे श्रेष्ठ नाग. मोदक खाऊन तुडुंब झालेल्या पोटाला गणपतीनं नाग बांधला, ही कथा त्या शब्दामागे आहे. चार वर्षांच्या मुलाला 'फणिवर' कुठून माहीत असणार? फळी मात्र त्याला चांगली माहीत असते. देव फळीवर असतात, किंवा गणपतीसाठी फळी टाकून आरास केलेली असते, आणि आरती म्हणताना ते मूल नेमकं तिच्याकडेच पाहत असतं. आता 'वंदना' कुठून आली? ती त्याच कडव्यात, थोडं पुढं, 'सुरवरवंदना' या शब्दात आहे. म्हणजे मुलानं कानावर आलेला ध्वनी घेतला, डोळ्यांसमोरची वस्तू घेतली, पुढच्या यमकाचा आधार घेतला आणि अर्थ पुरा केला. फळीवरच्या देवाला वंदन. प्रसंगाला याहून जुळणारा अर्थ मोठ्या माणसालाही सुचला नसता.

त्याच आरतीतल्या 'संकटी'चं 'संकष्टी' होतं, तेही असंच. 'संकटी' ही जुनी सप्तमी आहे. आज आपण 'संकटात' म्हणतो. घरात 'संकटी' असं कुणी बोलत नाही, पण संकष्टी दर महिन्याला येते, चंद्रोदयाची वाट पाहायला लावते आणि तीही गणपतीचीच असते. 'शुभं करोति'तल्या 'दीपज्योती'चा 'दीपक जोशी' होतो, कारण त्या नावाचा कुणीतरी बहुतेक आळ्यांमध्ये असतोच.

मुलाचा कान कच्चा असतो, एवढं म्हणून ही गोष्ट संपत नाही. बोलण्यात दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा नसते. ती असते फक्त छापलेल्या कागदावर. अनोळखी भाषा ऐकताना सगळं एका दमात बोलल्यासारखं वाटतं, ते यामुळेच. 1996 साली जेनी सॅफ्रन, रिचर्ड अ‍ॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट या संशोधकांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची एक सलग धार दोन मिनिटं ऐकवली. तिच्यात विराम नव्हता, आघात नव्हता. कोणतं अक्षर कोणाच्या पाठोपाठ नेमानं येतं, एवढ्या एकाच खुणेवर त्या बाळांनी त्या धारेतले 'शब्द' वेगळे ओळखले. सलग आवाज तोडून शब्द काढण्याचं काम माणूस आठव्या महिन्यात करू लागलेला असतो. आरती म्हणताना मूल तेच काम करतं, फक्त परिस्थिती फार अवघड असते. वीस माणसं एकदम गात असतात. व्यंजनं ओळखू येतात ती त्यांच्या बारीक, क्षणिक, वरच्या पट्टीतल्या आवाजांवरून, आणि झांजेचा झणत्कार नेमका त्यांनाच झाकून टाकतो. टाळीचा ठेका शब्दाच्या मध्येच पडतो, स्वर लांबतात. शिवाय पुस्तक कुणाच्याच हातात नसतं, कारण ते सगळ्यांना पाठ असतं. ज्याला पाठ नाही त्यानं कानानं उचलायचं.

आता जरा दूर जाऊ. सिल्व्हिया राइट नावाच्या अमेरिकन लेखिकेनं 1954 साली 'हार्पर्स' मासिकात एक निबंध लिहिला. तिची आई तिला लहानपणी थॉमस पर्सीच्या 1765 सालच्या संग्रहातली जुनी पोवाड्यांसारखी गीतं वाचून दाखवायची. त्यातलं एक मरे परगण्याच्या देखण्या सरदाराच्या हत्येवरचं स्कॉटिश गीत होतं. ही हत्या खरी, 1592 सालची. सरदाराला मारून हिरवळीवर टाकलं, असं गीतात आहे. छोट्या सिल्व्हियाला तिथं 'लेडी मॉन्डेग्रीन' नावाची एक स्त्री ऐकू आली, सरदाराबरोबरच मारली गेलेली. अशा ऐकण्याला इंग्रजीत आज 'मॉन्डेग्रीन' म्हणतात, ते तिच्यामुळे. मला त्या निबंधातली हट्टाची जागा फार महत्त्वाची वाटते. खरे शब्द कळल्यावरही राइट आपली बाजू सोडत नाही, आपलं ऐकणं मुळापेक्षा सरस होतं असं म्हणते. तिच्या गीतात तो सरदार एकटा मेला नव्हता. लहान मुलीला ते एकटेपण सोसवलं नाही, आणि तिच्या कानानं त्याला सोबत दिली.

इथपर्यंत चुकीचं ऐकण्याबद्दल बोलले. पण आपल्याकडे याहून मोठा प्रांत आहे तो बरोबर ऐकून वेगळं समजण्याचा. त्याचं सगळ्यात समृद्ध उदाहरण म्हणजे पसायदान. ज्ञानेश्वरी 1290 सालची. तिच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटचं हे मागणं आज कितीतरी शाळांमध्ये मुलं हात जोडून म्हणतात. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची मराठी सहा-सात वर्षांच्या मुलांच्या तोंडी रोज असणं, ही मला आपल्या भाषेची फार मोठी श्रीमंती वाटते. आणि त्या मुलांना तिथं काय सापडतं, तेही पाहण्यासारखं आहे.

'भूतां' हा शब्द घ्या. ज्ञानेश्वरांना अभिप्रेत आहेत प्राणिमात्र. मुलाला एकच भूत माहीत आहे, चिंचेवरचं. 'ताप' म्हणजे दाह, पण घरात ताप येतो तो थर्मामीटरनं मोजायचा. त्यामुळे 'तापहीन' सूर्य हा आजारातून उठलेला सूर्य ठरतो. 'खळ' म्हणजे दुष्ट, पण मुलाच्या ओळखीची खळ कागद चिकटवायची किंवा कपड्यांना घालायची. आणि 'व्यंकटी', म्हणजे मनाचा वाकडेपणा, तो तर वर्गातल्या हजेरीत शोभेल असा मुलगाच.

मी शाळेत शिकवत असताना तिसरीतल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, "बाई, भुतांची एकमेकांशी मैत्री झाली की ती आपल्याला त्रास देणार नाहीत, म्हणून आपण हे रोज म्हणतो ना?" त्या मुलीनं पसायदान घोकलेलं नव्हतं, वाचलेलं होतं. हे कुणासाठी मागतात, का मागतात, मागितल्यानं काय होईल, याचा पूर्ण विचार तिनं केला होता. जगातली भीती कमी व्हावी म्हणून हे मागणं आहे, इथपर्यंत ती एकटीच्या बळावर पोचली होती. एक शब्द चुकला होता, प्रार्थनेचा गाभा तिच्या हाती आला होता. शब्दन् शब्द स्पष्ट म्हणणारी, पण काहीच न विचारणारी मुलंही त्या वर्गात होती. मला काळजी वाटायची ती त्यांची.

मराठी मुलाच्या कानावर किती काळांची भाषा एकदम येते, याचा आपण विचारच करत नाही. सकाळी शाळेत तेराव्या शतकाचं पसायदान, त्याच्या आगेमागे 1911 साली प्रथम गायलेलं, संस्कृतप्रचुर बंगालीतलं राष्ट्रगीत, ज्यातले 'उत्कल' आणि 'वंग' हे प्रदेश आहेत हे सांगायचं कित्येकदा राहूनच जातं. संध्याकाळी सतराव्या शतकातल्या रामदासांची म्हणून परंपरेनं चालत आलेली आरती. मग रेडिओवरचं उर्दू, ज्यातली 'शब', म्हणजे रात्र, मराठी कानाला 'सब' वाटते, नाहीतर 'शव'. या सगळ्यातून मूल स्वतःचा अर्थ लावत जातं, आणि तेही न थकता.

मोठ्यांनाही शब्द हवे असतात. 1955च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर गीतरामायण सुरू होतं. माडगूळकरांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली. लोक ऐकत होतेच, तरी प्रक्षेपणानंतर पुण्यातल्या एका दैनिकात त्या गीताचे शब्द छापून येऊ लागले आणि पुढे 1957 मध्ये पुस्तकही निघालं. ऐकलेलं बरोबर ऐकलं का, हे ताडून पाहायची ती ओढ होती. मुलाच्या हातात मात्र असा कागद सहसा कुणी देत नाही.

कधीकधी कागद दिला तरी भागत नाही. कवी बींची 'माझी कन्या' ही कविता आठवा. तिच्या आरंभीच गाई पाण्यावर येतात. 'गाई पाण्यावर येणे' म्हणजे डोळ्यांत पाणी भरून येणं. कवितेतली मुलगी रडते आहे आणि बाप विचारतो आहे. शब्दप्रयोग माहीत नसलेल्या मुलाला मात्र नदीकाठ दिसतो, गाईंचा कळप दिसतो, बहुधा संध्याकाळही दिसते. मुलीचं रडू, बापाची गरिबी, सगळं त्या गाईंच्या मागे झाकून जातं. जपानमध्ये 'आकातोम्बो', म्हणजे लाल चतुर, हे मिकी रोफूचं 1921 सालचं गीत मुलं अशीच वेगळी समजतात. कडेवर-पाठुंगळी घेतलेल्या तान्ह्यानं चतुर पाहिला, असं कवी म्हणतो. पण 'पाठीवर घेतलेला' आणि 'पाठलाग झालेला' या अर्थांचे शब्द जपानीत अगदी सारखे ऐकू येतात, आणि मुलांना वाटतं की चतुर आपल्या मागे लागला आहे. इथं मी सिल्व्हिया राइटच्या बाजूनं उभी राहणार नाही. चतुर मागे लागल्याच्या गमतीत, पाठीवर घेणारं माणूस हरवतं. कळपाच्या चित्रात रडणारी मुलगी हरवते. अशा वेळी मोठ्यांनी मुलाशेजारी बसून अर्थ सांगायलाच हवा.

सांगायचा कसा? 'चूक, फणिवर म्हण' एवढं बोलून मुलाची फळी काढून घ्यायची आणि हातात काहीच ठेवायचं नाही, हा अन्याय आहे. पोटाला नाग बांधलेल्या गणपतीची गोष्ट सांगा, मूर्तीच्या कमरेशी तो नाग दाखवा. मूल फळी आपणहून सोडतं, कारण नाग जास्त चांगला आहे. त्या तिसरीतल्या मुलीला मी सांगितलं की भूत म्हणजे जे जे झालं ते सगळं, मुंगी, झाड, तू, मी. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग भुतंपण त्यात आली."

भोंडल्याच्या गाण्यांत तर मूळ आणि चूक असा भेदच करता येत नाही. पाटावर हत्ती काढून फेर धरणाऱ्या मुलींनी ती गाणी शतकानुशतकं फक्त कानानं घेतली. एका गावचा शब्द दुसऱ्या गावात बदलतो, एका आजीचं कडवं दुसरीच्या गाण्यात नसतं. न कळलेला शब्द मुलींनी ओळखीच्या शब्दाकडे वळवला, पुढचीनं तोच खरा मानला, आणि गाणं पुढे गेलं. तिथं शुद्ध पाठ शोधत बसणाऱ्याच्या हाती फार थोडं लागेल. कुठल्या गावात कुठला शब्द आला, हे नोंदणाऱ्याला मात्र त्या गावातल्या घरांची, भांड्यांची, नात्यांची भाषा मिळेल.

म्हणून माझी आपल्याला एक विनंती आहे. संयोजकांनी दाराशी एक वही ठेवली आहे. आपण लहानपणी कुठल्या गाण्यातला कुठला शब्द काय म्हणून ऐकला आणि त्याचा काय अर्थ लावला, ते तिच्यात लिहा. सोबत मुलं-नातवंडं आली असतील तर त्यांनाही लिहू द्या, मध्ये दुरुस्ती करू नका. नाव लिहिलं नाही तरी चालेल. गाव आणि साल मात्र लिहा.