शहराचा नळ आणि शेताची चारी

खडकवासल्याचे पाणी शहराला द्यावयाचे की शेतीला, हा वाद दौंड तालुक्यात उन्हाळा लागला की हमखास उभा राहतो. वस्तुतः ही दोन्ही कामे या धरणाने पहिल्यापासूनच अंगावर घेतली आहेत. 1870 च्या दशकात ते बांधले गेले, ते पुण्याची तहान भागविण्यासाठी आणि पूर्वेकडील अवर्षणप्रवण गावे भिजविण्यासाठी. 12 जुलै 1961 रोजी पानशेत व खडकवासला ही दोन्ही धरणे फुटली आणि पुन्हा उभी राहिली. पुढे वरसगाव व टेमघर यांची भर पडली. आज या चार धरणांचा उपयुक्त साठा सुमारे 29 अब्ज घनफूट आहे. साठा वाढला खरा. पण शहर त्याहून वेगाने वाढले.

शिरूरची स्थिती थोडी निराळी आहे. त्या तालुक्याची भिस्त चिंचणीच्या घोड धरणावर व चासकमानच्या डाव्या कालव्यावर आहे. तथापि रांजणगाव सांडसच्या परिसरात मुळा-मुठा भीमेला मिळते आणि तेथून खाली पुण्याने वापरलेले पाणी शिरूर व दौंड या दोन्ही काठांना लागते.

येथेच हिशेबातील मुख्य मुद्दा येतो. नळाने घरात आलेल्या पाण्याचा सुमारे 80 टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो, असे अभियंते आराखड्यात धरतात. पिकाला दिलेले पाणी मात्र बहुतांशी हवेत जाते. माणशी रोज 135 लिटर धरल्यास एक लाख वस्तीला वर्षाकाठी सुमारे 49 लाख घनमीटर पाणी लागते. पाटाने भिजणाऱ्या उसास हेक्टरी 20 हजार घनमीटर धरले, तर तेवढ्याच पाण्यात जेमतेम अडीचशे हेक्टर ऊस निघतो. म्हणून शहराने किती पाणी घेतले, याइतकेच ते किती आणि कोणत्या अवस्थेत परत केले, हेही विचारले पाहिजे. शेतकऱ्याला याचे उत्तर मिळण्याचा हक्क आहे.

मुंढव्याला शुद्ध केलेले सांडपाणी उचलून जुन्या कालव्यात सोडण्याची, वर्षाला साडेसहा अब्ज घनफुटांची योजना याच विचारातून आखली गेली. विचार योग्य आहे. परंतु शुद्धीकरण अपुरे राहिले, तर तेच पाणी जलपर्णी पोसते, काठच्या विहिरींत उतरते आणि उजनीच्या जलाशयात जाऊन साचते.

राज्याच्या 2003 च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला स्थान होते. 2011 मध्ये ते शेतीला मिळाले. मात्र कागदावरचा क्रम चारीच्या टोकाला आपोआप पोहोचत नाही. वरच्या गावाने उसासाठी दारे जास्त वेळ उघडी ठेवली, की शेवटच्या गावाचे आवर्तन कोरडे जाते, आणि त्याचा दोष शहराकडे जात नाही. 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी मोजून, घनमापाने घेण्याची वाट दिली आहे. टोकाच्या शेतकऱ्याला तिचा उपयोग सर्वाधिक.

नदीकाठच्या ग्रामपंचायतींचे काम याहून साधे आहे. पिण्याच्या विहिरीचे नमुने जलसुरक्षकाकडून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर प्रयोगशाळेत जावेत आणि आलेला अहवाल दप्तरात न ठेवता ग्रामसभेत वाचला जावा. शाळेच्या भिंतीवरही तो लावता येईल.