आधी विषय, मग व्यासपीठ



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला झाला. सभेत कसं बोलावं आणि कसं ऐकावं हे महाराष्ट्राला ज्यांनी शिकवलं, त्यांत रानड्यांचं नाव अगदी वर येतं. १८७५ साली त्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे नाशिकनेही ही रीत उचलली. आजही मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर व्याख्यान ऐकायला माणसं जमतात.

पण रानड्यांचं मोठं काम व्यासपीठामागे चाले. विशीतले गोपाळ कृष्ण गोखले त्यांच्या हाताखाली आले, ते सरकारी अहवाल, अंदाजपत्रकं आणि जमाखर्चाची कोष्टकं वाचायला. वर्षानुवर्षं टिपणं काढायची, अर्जांचे मसुदे लिहायचे, आकडा पुन्हा तपासायचा. १८९७ मध्ये गोखले लंडनला सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले, तेव्हा जेमतेम तिशीत होते. समोर मुरलेले प्रश्नकर्ते, भाषा परकी, शहर परकं. तरी ते डगमगले नाहीत, कारण हिंदुस्थानच्या खर्चाचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. त्या हिशेबामागे गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकाचेही कष्ट होते. उत्तम वक्त्याच्या पाठीशी असा एखादा जाणकार बहुधा असतोच.

२६ मार्च १९०२ रोजी गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. रानडे जाऊन वर्ष उलटलं होतं. सरकार शिलकीचा अभिमान मिरवत होतं; ही शिलक दुष्काळात होरपळलेल्या रयतेच्या खिशातून आली आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवलं. मिठावरच्या जाचक कराचा प्रश्न त्यांनी पुढे मांडला. १९०३ मध्ये तो कर घटला. एका भाषणाने कर उतरला असं म्हणणं धाडसाचं होईल, पण त्या भाषणाकडे दुर्लक्ष करणं सरकारला जमलं नाही.

याउलट अनुभव गांधीजींचा. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात उलटतपासणीला ते उभे राहिले आणि त्यांना एकही प्रश्न सुचेना. पक्षकाराचे पैसे परत करून ते निघून गेले. १८९३ मध्ये प्रिटोरियात मात्र हाच तरुण हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत व्यापारातल्या सचोटीवर बोलला, आणि आपलं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणून त्याची नोंद त्याने आत्मकथेत केली. विषयाची तयारी करूनच तो त्या सभेत गेला होता.

आवाज, हातवारे, विराम हे सारं शिकता येतं, आणि जरूर शिकावं. भाषण मोठ्याने म्हणून पाहावं, वेळ लावून पाहावं, मित्राला ऐकवावं. पाय थरथरतात म्हणून कुणी वाईट वक्ता ठरत नाही. पण ज्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नाही, त्याला कुठलंही तंत्र फार काळ तारत नाही.

तुम्हा पदवीधरांपैकी अनेकजण कांदा-द्राक्षाच्या गावांतून आला आहात. लासलगावच्या बाजारातला भाव, गावचं पाणी, शाळेची गळकी खोली, यांपैकी एक विषय निवडा. कागदपत्रं मिळवा, आकडे पडताळा, चार मुद्दे लिहा. आणि येत्या ग्रामसभेत मागच्या रांगेत बसू नका. उभे राहा, आपलं नाव सांगा आणि बोला.