मतपत्रिकेवरील ४५६ नावे

(राष्ट्रीय मतदार दिनानिमित्त निपाणी येथे दिलेले भाषण)



निवडणूक पद्धतीच्या सुधारणेचा विषय निघाला की चर्चा सामान्यतः दिल्लीकडे धाव घेते. तथापि या सुधारणांपैकी एकीचे मूळ आपल्या सीमाभागातच सापडते. आपण निपाणीकर चिकोडी लोकसभा मतदारसंघात मतदान करता. मी सांगतो ती हकिकत शेजारच्या बेळगाव मतदारसंघाची आहे.

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावमधून ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे, या हेतूने मराठी भाषक कार्यकर्त्यांनी मोठ्या संख्येने अर्ज भरले होते. विजयाची आशा त्यांतील किती जणांना असेल? उमेदवारी अर्ज हेच त्यांचे निवेदन होते. त्याच वर्षी नलगोंडा येथे पाण्याच्या प्रश्नावरून ४८० उमेदवार उभे राहिले, तर तामिळनाडूतील मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात ही संख्या १,०३३ वर गेली. एवढी नावे एका कागदावर मावणार कशी, आणि निरक्षर मतदाराने त्या अरण्यातून आपले चिन्ह शोधावे तरी कसे? मतदान केंद्रांवरील कर्मचाऱ्यांची तारांबळ तर निराळीच.

संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला. १९५१ पासून ५०० रुपये असलेली लोकसभेची अनामत रक्कम १०,००० रुपये झाली. अपक्ष उमेदवाराला दहा सूचक आवश्यक ठरले. देशातील एकूण उमेदवार १९९६ मध्ये १३,९५२ होते, ते १९९८ मध्ये ४,७५० वर आले. पुढे अनामत २५,००० रुपये करण्यात आली. बेळगावच्या ४५६ जणांची अनामत त्या काळच्या सर्वसाधारण दराने २ लाख २८ हजार रुपये होते; आजच्या दराने ती १ कोटी १४ लाख रुपये होईल. शिवाय वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ही रक्कम जप्त होते.

शासनाची अडचण खरी होती, हे प्रशासनात वावरणारा माणूस नाकारणार नाही. परंतु माझे वैयक्तिक मत असे की, हौशी उमेदवार वेगळे काढण्यासाठी पैशाची चाळण वापरणे योग्य नव्हे. धनवान हौशी तीतून सहज निसटतो. तंबाखूच्या वखारीत राबणारी बाई मात्र अडकते. सूचकांच्या सह्या हीच त्याहून न्याय्य कसोटी होय. दहाच्या जागी शंभर सह्या मागा, पण रक्कम खाली आणा. कॅनडात २०१७ साली अल्बर्टा प्रांतातील न्यायालयाने १,००० डॉलरची अनामत घटनाबाह्य ठरविली. शंभर मतदारांच्या सह्यांची अट मात्र तेथे राहिली.

विधी आयोगाने तर १९९९ च्या व २०१५ च्या अहवालांत अपक्षांना उमेदवारीच नसावी, अशी शिफारस केली. ती अद्याप कायद्यात उतरलेली नाही. उतरली, तर पक्षाबाहेरच्या माणसाने आपले गाऱ्हाणे मतपेटीपर्यंत न्यावे कसे?

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१९ मध्ये निजामाबाद येथे हळद उत्पादक शेतकऱ्यांनी हाच मार्ग अनुसरला आणि तेथे १८५ उमेदवार झाले. प्रत्येक केंद्रावर मतदान यंत्राचे बारा भाग जोडावे लागले. नव्या यंत्राला असे चोवीस भाग जोडता येतात, म्हणजे ३८४ नावांची सोय होते. बेळगावची ४५६ नावे त्यातही बसली नसती.