बाल्टिकच्या किनाऱ्यावरचे आठ तास

सागरसफरीचे तिकीट काढणे आणि सागरसफरीची तयारी करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिकीट हाती पडल्यानंतरच पुष्कळांच्या ध्यानात येते. जहाज कोपनहेगनहून केव्हा निघेल, स्टॉकहोमला कोणत्या दिवशी लागेल, हेलसिंकीहून किती वाजता सुटेल, हे सारे कंपनीने ठरविलेले असते. प्रवाशाने ठरवावयाचे एवढेच उरते की, प्रत्येक बंदरात मिळणाऱ्या आठ-नऊ तासांचे काय करावयाचे. परंतु सफर सफल झाली की नाही, हे या ‘एवढेच’वरच अवलंबून असते.

बंगळूरच्या कोरमंगला वस्तीत मुलाकडे अथवा मुलीकडे राहावयास आलेली मराठी वडीलधारी मंडळी आता नवलाईची राहिलेली नाहीत. असे एक दांपत्य डोळ्यांपुढे आणावे. गृहस्थ पासष्टी ओलांडलेले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. बाईंचे माहेर कोल्हापूरचे, गुडघे अधूनमधून कुरकुरणारे. मुलाने हौसेने बाल्टिक समुद्राच्या दहा दिवसांच्या सफरीचे पैसे भरले आहेत. असा योग पुन्हा येईलच असे नाही, हे तिघेही जाणून आहेत. त्यामुळे ‘काहीही सुटता कामा नये’ अशी जिद्द घरात निर्माण झाली आहे, आणि बेत बिघडण्यास नेमकी हीच जिद्द पुरेशी असते.

पहिली अडचण सल्लागारांची. या मार्गाने पूर्वी जाऊन आलेले स्नेही सेंट पीटर्सबर्गचे वर्णन करताना थकत नाहीत, आणि ते खोटेही नाही. १७०३ साली पीटर झारने वसविलेले ते नगर हे बाल्टिक सफरींचे मुख्य आकर्षण असे. जहाजे तेथे बहुधा दोन दिवस मुक्काम करीत आणि अधिकृत सहलीबरोबर जाणाऱ्या प्रवाशाला रशियाच्या व्हिसाचीही गरज पडत नसे. परंतु २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर मोठ्या सफर-कंपन्यांनी ते बंदर आपल्या मार्गातून वगळले. तेव्हा त्यापूर्वीच्या प्रवाशाची टिपणवही आदराने वाचावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये.

सध्याच्या सर्वसाधारण मार्गावरील डेन्मार्क, जर्मनी, पोलंड, लिथुआनिया, लाट्व्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि स्वीडन हे सर्व देश शेंगेन करारात आहेत. भारतीय प्रवाशाला हा एकच व्हिसा आठही देशांत चालतो, ही मोठीच सोय होय. ज्या देशात मुक्काम अधिक त्या देशाकडे अर्ज करावा, आणि मुक्काम सारखेच असतील तर जेथे प्रथम पाऊल पडेल त्या देशाकडे, असा नियम आहे. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत, परंतु निदान पंधरा दिवस आधी व्हावयास हवा. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. सफर साउदॅम्प्टनहून निघणार असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, हे जाहिरातीतील सुंदर चित्रे पाहताना विसरले जाते. पारपत्राची मुदत परतीनंतर तीन महिने तरी शिल्लक हवी. प्रादेशिक पारपत्र कार्यालय कोरमंगलातच, ऐंशी फुटी रस्त्यावर आहे. घराजवळ म्हणून ते काम अखेरच्या आठवड्यावर टाकण्याचा मोह मात्र आवरावा.

कागदपत्रे झाली की खरा हिशेब सुरू होतो. किनाऱ्यावरील सहलींचा बेत म्हणजे वेळेचे अंदाजपत्रक होय. फरक एवढाच की या अंदाजपत्रकात पुरवणी मागणी मंजूर होत नाही. जहाज सकाळी आठला लागून संध्याकाळी पाचला सुटणार असेल, तर हाती नऊ तास आहेत असे समजणे ही पहिली चूक. उतरण्याची परवानगी मिळून धक्क्याबाहेर पडण्यात काही वेळ जातो. काही बंदरांत जहाज खोल पाण्यात नांगरून प्रवाशांना लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. तेथे आणखी वेळ मोडतो. सुटण्यापूर्वी निदान अर्धा तास जहाजावर परतावे लागते, आणि शहाणा मनुष्य त्याच्याही आधी एक तास राखून ठेवतो. म्हणजे नवाचे सहा-साडेसहा झाले. सिल्क बोर्डच्या चौकातून रोज जाणाऱ्या कोरमंगलावासियाला अंतर मैलांत नव्हे तर तासांत मोजावयाचे असते, हे कोणी शिकवावयास नको. तीच दृष्टी त्याने युरोपात विसरू नये, इतकेच.

याचे कारण असे की, कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नाव आणि जहाज लागते ती जागा यांत पुष्कळदा मोठे अंतर असते. ‘बर्लिन’ असे छापलेले असते, आणि जहाज लागते ते रोस्टॉकजवळच्या वार्नेम्युंडे येथे. तेथून बर्लिनला जावयास सुमारे तीन तास, परतावयास तेवढेच. शहरात फार तर तीन-चार तास मिळतात आणि तेही बसच्या खिडकीतून. ज्याला बर्लिन मनापासून पाहावयाचे आहे त्याने ते सफरीच्या आधी वा नंतर दोन दिवस राहून पाहावे. वार्नेम्युंडे स्वतःच एक नेटके किनारी गाव आहे. तेथील जुना दीपस्तंभ, वाळूचा रुंद पट्टा आणि जवळच्या रोस्टॉकमधील विटांची उंच चर्चे एवढ्यात दिवस सुखाने जातो. स्टॉकहोमचेही तसेच. काही जहाजे शहराच्या धक्क्याला लागतात, काही साठेक किलोमीटर दक्षिणेस नीनेसहाम्न येथे थांबतात. तेथून आगगाडीने शहरात पोहोचण्यास जवळजवळ तास लागतो. तेव्हा धक्का कोणता, हे आधी कंपनीस विचारून मगच बेत आखावा.

या हिशेबाची सर्वांत कठीण परीक्षा पोलंडच्या किनाऱ्यावर होते, आणि कोल्हापूरच्या माहेरवाशिणीची तर अधिकच. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. १९४० आणि १९४१ साली सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडातून सैबेरिया व मध्य आशियाकडे हाकलून दिलेल्या कुटुंबांतील हे लोक. त्यांत स्त्रिया व मुलेच फार. इराणमार्गे ते हिंदुस्थानात आले आणि त्यांतील अनेकांना पंचगंगेच्या परिसरात आसरा मिळाला. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. ते गेल्यानंतर त्याच जागी फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित वसले, आणि तेच आजचे गांधीनगर. कोल्हापुरात जुन्या माणसांच्या तोंडी या गोऱ्या मुलांच्या आठवणी पुष्कळ दिवस राहिल्या होत्या. त्या मुलांनीही कोल्हापूर विसरले नाही. वॉर्सा नगरीत आज कोल्हापूरच्या नावाचे एक स्मारक उभे आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले, तेव्हा ते अनेकांना प्रथमच ठाऊक झाले.

आता जहाज पोलंडला जाणार म्हटल्यावर त्या स्मारकापाशी दोन फुले वाहावीत, असे बाईंच्या मनात येणे किती स्वाभाविक! आणि गृहस्थही उत्साहाने वेळापत्रके पाहू लागतात. परंतु जहाज लागते ते ग्दिनिया येथे. तेथून वॉर्सा वेगवान आगगाडीनेही सुमारे तीन तासांवर. मुंबईच्या बंदरात उतरून त्याच दिवशी कोल्हापूरची अंबाबाई पाहून परतावे, असाच काहीसा हा बेत झाला. ‘‘अहो, गाडी वाटेत अडली नि बोट निघून गेली तर?’’ हा बाईंचाच प्रश्न अखेर निर्णायक ठरावा. जहाज आपल्या कंपनीच्या सहलीसाठी थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही. मागे राहिलेल्याने स्वखर्चाने पुढचे बंदर गाठावयाचे असते. पासष्टीच्या माणसाला परक्या भाषेच्या देशात, औषधांची पिशवी जहाजावर राहिलेली असताना, हा प्रसंग ओढवून घेण्याचे कारण नाही.

मग वळिवड्याचा धागा सोडून द्यावयाचा काय? तसेही नाही. ग्दिनियात प्रवासी जहाजांच्या धक्क्यालगतच १९३३ साली उघडलेले जुने बंदर-स्थानक आहे. याच इमारतीतून पोलंड सोडून अमेरिकेकडे जाणारे हजारो लोक आगबोटीत चढले. २०१५ पासून तेथे देशांतराचे संग्रहालय आहे. देश सोडून गेलेल्या पोलिश माणसांची कथा सांगण्यासाठीच ते उभारलेले आहे, आणि तेथे जावयास बसचे तिकीटसुद्धा काढावे लागत नाही. दोन तास तेथे शांतपणे घालवून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत ग्दान्स्क गाठता येते. तेथील गोदी-कामगारांनी १९८० च्या ऑगस्टमध्ये केलेल्या संपातून ‘सॉलिडॅरिटी’ संघटना जन्मली. तिचे संग्रहालय, नाहीतर जुन्या शहराचा मुख्य रस्ता. दोहोंपैकी एकच निवडावे. दोन्ही घेतली की गुडघे संपावर जातात.

स्टॉकहोमला एकच गोष्ट पाहावयाची असेल तर ती ‘वासा’ हे जहाज होय. १६२८ साली राजाच्या हुकमाने बांधलेली ही युद्धनौका पहिल्याच फेरीत जेमतेम तेराशे मीटर जाऊन उलटली, आणि १९६१ साली समुद्रतळातून जवळजवळ अखंड वर काढण्यात आली. वरून तोफांचे ओझे अधिक आणि तळाशी वजन कमी, असा तिचा दोष. वरिष्ठांना तो सांगण्याचे धैर्य कोणी दाखविले नाही, असे म्हणतात. कचेऱ्यांत आयुष्य काढलेल्या गृहस्थांनी या जहाजापुढे थोडा अधिक वेळ उभे राहिल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

हेलसिंकी व टालिन ही बंदरे स्वतः हिंडण्यास सोपी आहेत. हेलसिंकीच्या बाजारचौकातून निघणारी होडी पाव तासात सुओमेनलिन्नाच्या सागरी दुर्गावर पोहोचविते. सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला तेथे तुलना करण्यात मौज वाटेल. टालिनचे तटबंदीचे जुने शहर धक्क्यापासून चालत जाण्याजोगे आहे, परंतु तेथील वाटा दगडगोट्यांच्या व चढाच्या. नव्या बुटांना तेथे प्रथम बाहेर काढू नये. या दोन्ही शहरांचे घड्याळ स्टॉकहोमच्या एक तास पुढे असते, आणि जहाजावरची वेळ स्थानिक वेळेशी जुळेलच असे नाही. भ्रमणध्वनी मात्र किनाऱ्यावर पाऊल टाकताच आपण होऊन वेळ बदलतो. म्हणून मनगटावर बंगळूरच्याच कारखान्यात बनलेले एचएमटीचे जुने घड्याळ बांधावे, ते जहाजाच्या वेळेवर लावावे, आणि सफर संपेपर्यंत त्याला हात लावू नये.

राहता राहिले कोपनहेगन. सफर तेथे सुरू होऊन तेथेच संपणार असेल, तर जहाजावरून उतरल्यावर दोन दिवस अधिक राहण्याची सोय पाहावी. या शहराला घड्याळाचा धाक नको. बंगळूरच्या मराठी माणसाचे तेथे एक जुने नाते आहे. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीचे वारस व्यंकोजी यांनी पुढे तंजावरचे राज्य मिळविले. त्या तंजावरच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे १६२० पासून डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांची वखार व किल्ला होता, आणि भोसले राजांना ते वार्षिक खंडणी देत. विद्याव्यासंगी सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्‌झ हे १७५० साली याच डॅनिश बंदरात मिशनरी म्हणून उतरले होते. १८४५ साली डेन्मार्कने तरंगंबाडी इंग्रजांना विकली. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात तेथून आलेल्या वस्तू आहेत. त्यांपैकी कोणत्या दालनात काय मांडले आहे, हे निघण्यापूर्वी संग्रहालयाकडे पत्र पाठवून विचारून घ्यावे आणि जावयाचे ते सकाळीच, बाईंचे गुडघे ताजे असताना.