कायद्याची पदवी आणि गरिबाचा वकील

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



कायद्याच्या पदवीचा अभ्यासक्रम हा विषय कार्यकर्त्यांच्या वर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विद्यापीठे आणि बार कौन्सिल पाहून घेतील, असे म्हणून तो बाजूला सारण्याची रीत पडली आहे. परंतु कामावरून कमी केलेला कामगार, पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसूनही सातबाऱ्यावर नाव न लागलेले कूळ, वनहक्काचा दावा फेटाळला गेलेला आदिवासी ही माणसे तालुक्याच्या गावी वकिलाच्या दारात उभी राहतात, तेव्हा त्या वकिलाला काय येते आणि काय येत नाही, हे बऱ्याच अंशी पदवीच्या तीन किंवा पाच वर्षांत ठरून गेलेले असते. तेव्हा अभ्यासक्रम ही केवळ प्राध्यापकांच्या समितीची बाब राहत नाही.

वकिली शिक्षणाचा दर्जा ठरविण्याचा अधिकार १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने भारतीय बार कौन्सिलकडे दिला. विद्यापीठांशी विचारविनिमय करून तो वापरावा, अशी त्यात अपेक्षा आहे. या अधिकारात कौन्सिलने २००८ मध्ये कायदा शिक्षणाचे नियम केले. त्यांच्या परिशिष्टात सक्तीच्या वीस विषयांची यादी आहे. करार, अपकृत्ये, कौटुंबिक कायदा, फौजदारी कायदा, संविधान, पुरावा, दिवाणी प्रक्रिया, कंपनी कायदा, करआकारणी, पर्यावरण हे विषय त्यात आहेत. आणि कामगार कायद्याला दोन स्वतंत्र विषयांचे स्थान आहे, हेही मान्य केले पाहिजे. यांखेरीज चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत. दावे, कैफियती व दस्त यांचे लेखन हा पहिला. व्यवसायनीती व हिशेब हा दुसरा. पर्यायी तंटानिवारण हा तिसरा. आणि अभिरूप न्यायालय व इंटर्नशिप हा चौथा.

आता याच्या शेजारी १९९७ मध्ये त्याच बार कौन्सिलने ठरवून दिलेला अभ्यासक्रम ठेवून पाहावा. तेव्हाही प्रात्यक्षिक विषय चारच होते. परंतु त्यांतील एक विषय लोकहिताची वकिली, कायदेविषयक साहाय्य आणि अर्धविधी सेवा असा होता. २००८ च्या चौकडीत तो नाही. त्याच्या जागी पर्यायी तंटानिवारण आले. तंटा कोर्टाबाहेर मिटविण्याचे ज्ञान वकिलाला असावे, याबद्दल वाद नाही. मात्र तडजोडीच्या टेबलावर एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला सहा महिने पगार न मिळालेला मजूर बसला असेल, तर मजुराच्या पाठीशी जाणता वकील असल्याखेरीज ती तडजोड बरोबरीची होत नाही. एक विषय आणण्यासाठी दुसरा घालविण्याचे कारण नव्हते.

जो विषय गेला त्याच्यामागे मोठी परंपरा होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७३ मध्ये गरिबांच्या कायदेविषयक साहाय्यावर अहवाल दिला. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले आणि आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणी न्यायाला मुकू नये म्हणून मोफत साहाय्याची तरतूद करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरले. १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि १९९५ मध्ये तो अमलात आला. ज्या देशाच्या संविधानात हे कर्तव्य लिहिलेले आहे, त्या देशात ते पार पाडायला लागणारे शिक्षण वकिलाला सक्तीचे नसावे, ही विसंगती लहान नाही.

यावर असे उत्तर मिळते की, त्याच नियमांनी प्रत्येक महाविद्यालयात कायदा साहाय्य केंद्र सक्तीचे केले आहे. ते खरे आहे. ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ते चालवावे, असा नियमच आहे. परंतु परीक्षेत ज्याला पत्रिका नाही आणि गुणपत्रिकेत ज्याला ओळ नाही, त्याला वेळापत्रकात तास मिळणे अवघड असते. केंद्राचा फलक लावून नियमाची पूर्तता दाखविता येते. कंपनी कायद्याच्या बाबतीत अशी पळवाट उरत नाही. तो सक्तीचा आहे, त्याची परीक्षा आहे, म्हणून तो शिकविलाच जातो.

जमीनविषयक कायद्यांची स्थितीही अशीच आहे. कूळकायदा, कमाल जमीनधारणा, वनहक्क हे ग्रामीण महाराष्ट्राचे रोजचे प्रश्न. वीस सक्तीच्या विषयांत त्यांना स्वतंत्र स्थान नाही. कायदा आणि शेती या ऐच्छिक गटात जमीनधारणेचा कायदा जाऊन बसला आहे. काही विद्यापीठे तो आपल्या अधिकारात शिकवितात, हे चांगलेच आहे. पण जे विद्यापीठाच्या मर्जीवर अवलंबून आहे ते उद्या जाऊही शकते.

विषयाच्या नावाइतकेच महत्त्व तो कसा शिकविला जातो याला आहे. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्याचा १९८५ चा निकाल प्रत्येक विद्यार्थी वाचतो. जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्यातील तत्त्व त्याला पाठ असते. पण त्याच निकालात महापालिकेचा पदपथावरील झोपड्या हटविण्याचा अधिकार वैध ठरला आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना उलटेपर्यंत, हे काम लांबणीवर टाकले गेले, हा भाग विद्यार्थ्याच्या मनावर ठसला पाहिजे. तत्त्व जिंकले आणि झोपडी वाचली नाही, असे का झाले, हा प्रश्न वर्गात विचारला गेला तर कायद्याचे शिक्षण पुरे होते.

कामगार कायद्याचे तेच. २९ केंद्रीय कायदे एकत्र करून केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यानंतर विद्यार्थ्याच्या हाती नवे पुस्तक देऊन भागणार नाही. कारखाना बंद करण्यापूर्वी किंवा कामगार कपात करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन जुन्या केंद्रीय कायद्यात १०० कामगारांपासून होते. नव्या संहितेत ते ३०० पासून आहे. या एका आकड्याने किती कारखान्यांचे कामगार संरक्षणाबाहेर जातात, याचा शोध आपल्या जिल्ह्यात विद्यार्थ्यांनी घ्यावा, असा अभ्यास नेमला गेला पाहिजे.

कायद्याचे शिक्षक काय करू शकतात याचे उदाहरण याच महाराष्ट्रातील एका खटल्यातून उभे राहिले. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडले. तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रियांच्या संघटना उठल्या आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. ज्या वर्गात निकालाची चिकित्सा होते, तेथूनच अशी पत्रे निघतात.

भाषेचा प्रश्नही येथे येतो. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे शासनाने १९९८ मध्ये जाहीर केले. अशिलाची हकिकत मराठीत, साक्षीदाराची जबानी मराठीत, महसुली दप्तर मराठीत. तरीही दावे व कैफियती लिहिण्याचा सराव मुख्यतः इंग्रजीत होत असेल, तर लेखनाचा तो सक्तीचा विषय अपुराच राहतो. इंग्रजीला विरोध करण्याचे कारण नाही. उच्च न्यायालयात ती लागतेच. पण अशिलाला स्वतःचा दावा वाचून समजावा, एवढे तरी मराठी वकिलाला लिहिता आले पाहिजे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. लोकहिताची वकिली व कायदा साहाय्य हा विषय पुन्हा सक्तीचा व्हावा, आणि साहाय्य केंद्रातील प्रत्यक्ष कामाला त्यात गुण असावेत. जमीन व वनहक्काचे कायदे महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यापीठाने सर्वांना शिकवावेत. मराठीतील दावेलेखनाची परीक्षा घ्यावी. यांतील पहिल्या मागणीसाठी बार कौन्सिलकडे जावे लागेल; उरलेल्या दोन विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांकडे आजही नेता येतील.

आणि एक काम कोणाच्याही परवानगीवाचून होण्यासारखे आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप नियमानेच सक्तीची आहे, आणि ती स्वयंसेवी संस्थेत किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेतही करता येते. शहरातील मोठ्या वकिली कचेरीत ओळख नसलेली शेतकऱ्याची, कामगाराची मुले त्या आठवड्यांसाठी जागा शोधत असतात. चळवळीतील ज्या संस्थांकडे वनहक्काच्या दाव्यांची, थकलेल्या मजुरीच्या अर्जांची, रेशनच्या तक्रारींची कपाटे भरलेली आहेत, त्यांनी आपल्या तालुक्यातील महाविद्यालयाला पत्र लिहून दोन-चार विद्यार्थी मागवून घ्यावेत. दाव्याचा अर्ज कसा भरला जातो, ग्रामसभेचा ठराव कोठे अडतो, तारीख पडली की मजुराचा किती दिवसांचा रोज बुडतो, हे त्यांना तेथे कळेल. परिशिष्ट बदलायला वर्षे लागतील. हे पत्र मात्र या आठवड्यात जाऊ शकते.